माडावर चढणाऱ्याचा रोग

डॉक्टरांनी तपासणीचे कागद टेबलावर ठेवले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर असं नाव सांगितलं, तेव्हा "आता पुढे काय?" हा प्रश्न मला सुचलाच नाही. "पण यांना कसा होईल?" असं मी विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं. माझा आवाज वर्गातला आहे आणि राग आला की तो आपोआप मागच्या बाकापर्यंत जातो. राग नेमका कोणावर आला होता ते तेव्हा कळलं नाही. आजही नीटसं कळत नाही.

आमच्या घरात पुरुष दोन. एक माझे यजमान आणि दुसरे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून एकाला कधी बसलेलं पाहिलं नाही आणि दुसऱ्याला कधी उठलेलं. यजमानांचं शेत, काजूची बाग, गुरं, बागेच्या कुंपणाची, म्हणजे वईची डागडुजी, आणि यातलं काही नसलं तर दुसऱ्याच्या शेतात हात लावायला जाणं. सत्तरीला टेकले तरी नारळ ते स्वतः चढून काढायचे, कारण गावात माडावर चढणारी पोरं उरलीच नाहीत. ती सगळी देवबागला पर्यटकांच्या होड्यांवर गेली. पायांत काथ्याचं कडं अडकवायचं, कमरेला कोयता लावायचा आणि बघता बघता वर. वरूनच मला हाक मारून विचारायचे, शहाळं व्हया काय म्हणून.

भावजींचं सगळं उलट. त्यांची जागा म्हणजे पडवीतली आरामखुर्ची, शेजारी पानाचा डबा. लग्न केलं नाही, कारण तेही एक कामच. तोंडाला मात्र विश्रांती नाही. देवळात गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. देवापुढे नारळ ठेवून साऱ्या गावाची सुखदुःखं ते अशी ओघाने बोलत जातात की भोवतीची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणताना खरोखरच मान डोलावतात. मी शाळेतून चालत, घामाघूम होऊन घरापुढच्या खळ्यात शिरले की खुर्चीतून आवाज यायचा, "वैनी, इतक्या धावत कित्या येतंस? म्हातारपणाक गुडघे खंयसून आणतलंस?"

मी विज्ञान शिकवायची. आरोग्याचा धडा आला की शरीर हलतं ठेवणाऱ्याला रोग शिवत नाही, हे मी उदाहरणासकट सांगायची आणि उदाहरणाला घरचेच दोन पुरुष घ्यायची. नावं सांगत नसे. तरी पोरांना सगळं कळायचं, कट्टा गावच्या बाजारात भावजी दिसले की ती तोंडावर हात धरून हसायची. भावजींना त्याचं काही नव्हतं. उलट आपण पुस्तकात आलो असं ते सांगत फिरायचे, म्हणजे बसल्या जागेवरून सांगायचे.

यजमानांचं दुखणं कळलं ते एका लग्नाला बांद्याला जाताना. एसटीत बसलो आणि यांनी लघवीसाठी वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या वेळी कंडक्टर काहीतरी पुटपुटला आणि मला लाज वाटली. लाजेच्या मागोमाग शंका आली. घरी हे कळायला मार्गच नव्हता. संडास बांधून इतकी वर्षं झाली तरी लघवीला पुरुषांनी माडाच्या मुळात जायचं, ही आमच्याकडची रीत. माडाला खत मिळतं म्हणे. कोण किती वेळा गेलं, तिथे किती वेळ उभं राहिलं, याचा बायकांना पत्ता लागत नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, उष्णता झाली असेल, उन्हात असतंय ना. मग मी धन्याजिऱ्याचं पाणी दिलं, कोकमाचं सरबत दिलं. ती उष्णता नव्हती. मालवणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडा बघून भुवया वर केल्या आणि आम्हाला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पुरुषांना मूत्राशयाच्या खाली एक गाठीसारखी ग्रंथी असते, सुपारीपेक्षा थोडी मोठी. तिच्यात हा रोग होतो. यांचा ग्रंथीच्या थोडा बाहेर सरकला होता, म्हणून इंजेक्शनं आणि किरणांचे उपचार. "बरे होतील का?" हे मी तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला विचारलं. आधी माझा तोच धोशा चालला होता. आयुष्यभर राबलेत, कधी सर्दीपडशाने झोपले नाहीत, विडी नाही, दारू नाही, मग कसा?

डॉक्टर तरुण होते पण शांत होते. म्हणाले, "आयुष्यभर अंगमेहनत करणाऱ्यांना हा आजार थोडा कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसतं. काहींत तितकं स्पष्ट दिसत नाही. आणि कमी होतो म्हणजे होतच नाही असं नाही, बाई. वय असतं, घराण्यात असतं. छत्री घेतली म्हणून माणूस भिजतच नाही, असं आहे का आपल्या पावसात?"

यजमान म्हणाले, "माझो भाव छत्रीशिवाय सुको आसा, तेचा काय?"

डॉक्टर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सख्खा भाऊ? वय किती? मग त्यांचंही रक्त तपासून घ्या. भावाला असला की भावाला होण्याची शक्यता वाढते."

आम्ही परत आलो. येताना एसटीत मी हिशेब लावत होते आणि तो लागत नव्हता. मेहनत केली म्हणून रोग उशिरा आला असेल का? की मेहनतीचा याच्याशी संबंधच नाही? मग इतकी वर्षं मी पोरांना काय शिकवलं? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हे जातील आणि मी त्या खुर्चीतल्या माणसाला जन्मभर जेवायला वाढत राहीन, याची भीती. भावजींना काही झालेलं नाही याचा मला राग येत होता आणि तो मी लपवतही नव्हते. त्या आठवड्यात मी त्यांना चहा आपटूनच दिला.

भावजींना मात्र उत्तर सापडलं होतं. दादाला बघायला माणसं येऊ लागली तसं पडवीत त्यांनी ते मांडायला सुरुवात केली. "सगळ्या शरीरात रोग सोडून त्याच जाग्यार कित्या झालो? इचार करा. माडार कसे चढतत? माडाक मिठी मारून. घासता खंयची जागा? पन्नास वर्सां घासली, मगे काय होतला?" गाऱ्हाण्याचाच ओघ, गाऱ्हाण्याचाच आवाज. ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं तेवढं बाकी होतं.

आठवडा संपायच्या आत गावभर झालं की हा माडावर चढणाऱ्याचा रोग. दोन वाड्यांपलीकडची एक बाई आपल्या नवऱ्याबद्दल मला विचारायला आली, "बाई, तुमी शिकलेली माणसां. आमच्या घोवाक माडार चढूक देऊ काय नको?" एकाने माडावर चढायचं लोखंडी यंत्र आणलं, त्यात मिठी मारावी लागत नाही म्हणून. एकाने चढताना लुंगीच्या आत टॉवेलची घडी घालायला सुरुवात केली. तो अर्ध्यावरून घसरला, पाय मुरगळला, आणि तेही माडाच्याच नावावर जमा झालं.

मी विज्ञानाची शिक्षिका. असं काही नसतं, हे मी ठणकावून सांगायला हवं होतं. पण "मग कशाने झाला?" असं त्या बाईने उलट विचारलं असतं तर माझ्याकडे काय होतं? माझ्याकडे "काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही" एवढंच होतं. भावजींकडे पक्कं उत्तर होतं, हात लावून दाखवता येणारं. मी तिला सांगितलं, डॉक्टरांना विचारून सांगते. आणि आत येऊन मीच विचार करत बसले की घासून घासून खरंच काही होत असेल का?

यजमानांनी ते उत्तर मनावर घेतलं. ते भांडले नाहीत, चिडले नाहीत. काथ्याचं कडं खुंटीला अडकवलं ते पुन्हा काढलं नाही. आधी माड सुटले. मग माडाने असं केलं तर कुदळीने काय केलं असेल कोण जाणे, म्हणून कुदळ सुटली. मग गुरं शेजाऱ्याकडे सांभाळायला दिली. किरणांचे उपचार संपले, इंजेक्शनं चालू राहिली आणि माझे यजमान पडवीतल्या आरामखुर्चीत बसले ते बसलेच. बसल्या बसल्या त्यांच्या समोरच्या माडांकडे ते बघतसुद्धा नसत. ते माड त्यांनी स्वतः लावलेले, उन्हाळ्यात कळशीने पाणी घालून जगवलेले. आपल्याच लेकरांनी दगा दिल्यासारखं त्यांना झालं होतं. मला ते दिसत होतं.

इंजेक्शनांमुळे अंगात एकदम गरम वाफ उठायची आणि बसल्या जागी घाम फुटायचा. सदरा भिजायचा. एकदा ओल्या सदऱ्याकडे बघत मला म्हणाले, "काम नाय, धाम नाय आणि घाम फुटता. ह्यो खंयचो घाम गो?" मी टॉवेल दिला. जन्मभर ज्या घामाचा या माणसाला अभिमान, तोच आता औषधाच्या नावाने यायचा.

आणि खुर्ची गेल्यामुळे भावजींची पंचाईत झाली. पडवीत दुसरी तशी खुर्ची नाही. बाकावर पाठ टेकत नाही. ते खळ्यात उभे राहायचे, वईपर्यंत जाऊन यायचे, पुन्हा उभे राहायचे. या घरात काय चाललंय तेच मला समजेना. राबणारा बसलाय आणि बसणारा येरझाऱ्या घालतोय.

इस्पितळाच्या पुढच्या खेपेला डॉक्टरांनी यजमानांना खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. त्यांना उठता आलं नाही. माडावर चढणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठता आलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टर रागावले. म्हणाले, "या इंजेक्शनांनी हाडं आणि स्नायू कमजोर होतात. तुम्ही हललात, चाललात तरच ती टिकतील. असेच बसलात तर आजाराआधी बसण्यानेच आडवे व्हाल. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, औषध म्हणून सांगतोय."

यजमान शांतपणे म्हणाले, "पन्नास वर्सां हललंय. काय मेळाला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं आणि उत्तर दिल्याशिवाय हे उठणार नव्हते. इतकी साधी गोष्ट होती. हे उठले तर मला उरणार होते, नाही उठले तर नाही.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. रागावले, लाडीगोडी लावली, अबोला धरला. एकदा शेजारच्या माणसाला आमच्या बागेत मुद्दाम काजूच्या चुकीच्या फांद्या छाटायला लावल्या, म्हणजे हे ओरडत तरी धावतील. हे खुर्चीतूनच म्हणाले, "छाटू दे." रक्त तपासण्याचं भावजींकडे काढलं की तेही आपलं म्हणणं सोडत नसत. "माका कित्या? मी जल्मात माडार चढूक नाय." त्यांच्या सिद्धांताने त्यांना पुरतं सुरक्षित केलं होतं. एक भाऊ त्या सिद्धांतामुळे उठत नव्हता, दुसरा त्या सिद्धांतामुळे इस्पितळात येत नव्हता.

पुढच्या खेपेला यजमानांना एसटीत चढवायला मला एकटीला जमेना, म्हणून भावजींना सोबत घेतलं. बांद्याला चहा आणि भजी मिळतील असं सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हेच भाऊ ना?" आणि मी काही बोलायच्या आत चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. आमचे भावजी मालवणीत देवालाही बोलण्यात हरवतील, पण कचेरी आणि इस्पितळातली शुद्ध मराठी सुरू झाली की त्यांची वाचा बसते. "हो साहेब, देतो साहेब," म्हणत त्यांनी बाही वर केली. माडाचा सिद्धांत तिथे त्यांच्या तोंडून निघालाच नाही.

आकडा वाढलेला आला. मग पुढच्या तपासण्या झाल्या, त्यांच्या ग्रंथीतला तुकडा काढून बघितला. भावजींनाही तोच कॅन्सर निघाला.

आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. त्यांचा लहान आहे, आतच आहे, सावकाश वाढणारा दिसतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. लगेच काही करायला नको, ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं, लक्ष ठेवायचं, आणि रोज चालायचं. मला पुन्हा राहवलं नाही. "म्हणजे बसून राहिलेल्याचा लहान आणि राबलेल्याचा मोठा?" डॉक्टर म्हणाले, "एकाचा उशिरा सापडला, एकाचा लवकर. एवढंच मी खात्रीने सांगू शकतो, बाई." माझा हिशेब होता तिथेच राहिला.

भावजींचा चेहरा पांढरा पडला होता. यजमान त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "तू माडार खंय चढलंस?"

"नाय चढूक," भावजी म्हणाले.

"म्हणजे माडान काय करूक नाय."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नसावं. ते पुढचा पेशंट बोलवत होते. यजमानांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, जोर लावला आणि उभे राहिले. पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला जमलं. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उठ रे. चालूक सांगल्यान ना तुका?"

त्या क्षणी मला आनंद झाला. शेजारी भावजी बसले होते, त्यांना कॅन्सर झालाय हे कळून घटका झाली नव्हती, आणि मला आनंद झाला होता.

आता दोघे रोज संध्याकाळी कट्ट्याच्या रस्त्याने चालायला जातात. यजमान काठी घेऊन पुढे, भावजी कुरकुरत मागे. स्वतःसाठी एक पाऊल न टाकणारा हा थोरला धाकट्या भावाला चालवायचं म्हणून जातो. पावसात जातो, भावजींनी गुडघ्याचं निमित्त काढलं तर त्यांना ओढून नेतो. यजमानांच्या पायांत थोडं बळ आलंय. डॉक्टर बरं म्हणतात, पण पुढचं कोणी सांगत नाही, आणि मीही विचारायचं सोडलंय. गावात लोक म्हणतात, बघा, भावाभावांचं प्रेम. माडावर चढायचं यंत्र कोणाच्या तरी शेतातल्या मांगरात, अडगळीत पडलंय. रोग कशाने होतो, यावर आता गावात दुसराच काहीतरी सिद्धांत आहे. तो मी ऐकून घेतला नाही.

परवा यजमान विहिरीवर पाय धूत होते, तेव्हा भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चालून आल्याने त्यांना धाप लागली होती. मी चुलीशी होते. म्हणाले, "वैनी, त्या दिवशी इस्पितळात तुझा तोंड मी बघलंय."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुका बरा वाटला. दादा उठलो म्हणान. माका कळला." ते उंबऱ्यावर टेकले आणि जरा हसले. "वायट नाय वाटूक. उलट माका बरा वाटला. माझ्या हातसून या घरात झालेला ह्या पयला काम."

मी त्यांना चहा दिला. या वेळी कप आपटला नाही.